अकराव्या पानावरचं वाक्य

माझ्या नवऱ्याला माझ्या सगळ्या खोडी ठाऊक होत्या. मी रागावले की भांडी आपटते, पत्त्यांत चोरून बघते, नको असलेला पाहुणा आला की डोकं दुखल्याचं सोंग करते — सगळं. ही एक गोष्ट मात्र त्यांना कळली नाही, कारण मी ती कळू दिली नाही. आता ते नाहीत. मुलींना सांगितलं नाही, सख्ख्या बहिणीला सांगितलं नाही. तुम्हाला सांगतेय. तुम्ही कोण, हे मला ठाऊक नाही — आणि तेच बरं आहे. ओळखीच्या माणसापुढं मी काहीतरी सावरून घेतलं असतं. सावरून घेण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, हे तुम्हाला पुढं कळेलच.

चार वेळा हे लिहायला बसले आणि चारही वेळा उठले. या वेळी पुरं केल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवलंय.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. कोल्हापूरजवळ उसावर काम करणाऱ्या एका संस्थेत मी संख्याशास्त्र विभागात होते. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण हा जबाब तिचा नाही, माझा आहे. फोरट्रान या कॉम्प्युटरच्या भाषेत प्रोग्राम लिहिता येणारी तिथं मी एकटीच. त्यामुळं तोरा किती असेल, विचारू नका! आमच्याकडं कॉम्प्युटर नव्हता. कार्डं इथं पंच करायची, म्हणजे अक्षरं-आकडे भोकं पाडून त्यांवर उतरवायचे, खोक्यात बांधायची आणि तो खोका सकाळच्या एस.टी.नं पुण्याला जायचा. तिकडं तो मशीनवर चालायचा आणि चार दिवसांनी छापील कागदांचं भेंडोळं परत यायचं. एखादा स्वल्पविराम चुकला तर चार दिवस पाण्यात.

माझा एक प्रोग्राम होता. समजायला सोपा आहे, कंटाळू नका. उसात साखर हळूहळू चढते, काही आठवडे टिकते आणि मग घसरते. दर आठवड्याला मोजलेले आकडे कागदावर ठिपक्यांनी मांडले तर त्यांच्यामधून एक वळणदार रेषा जाते. तिचा आकार चार आकड्यांवर ठरतो — साखर भरायला सुरुवात कधी होते, भरायला किती आठवडे लागतात, भरलेली किती आठवडे टिकते आणि नंतर किती आठवड्यांत उतरते. या चारांना आम्ही नावं दिली होती : आरंभ, चढ, टिकाव, घसर. आपण प्रत्येकाचा एक अंदाज द्यायचा. प्रोग्राम ते चारही आकडे थोडे थोडे सरकवत रेषा ठिपक्यांच्या जास्तीत जास्त जवळ आणायचा. रेडिओची खुंटी पिळत स्टेशन लावायचं ना, तसं — फक्त इथं खुंट्या चार.

प्रत्येक आकड्याचं एक कार्ड. कार्डावर आधी नाव, पुढं अंदाज. पण मशीनच्या पोटात त्या नावाला काडीचा अर्थ नव्हता. तिथं पहिला आकडा, दुसरा, तिसरा, चौथा एवढंच. दुसऱ्या जागी येईल तो चढ, तिसऱ्या जागी येईल तो टिकाव. नावं नुसती शेवटी उत्तरापुढं छापायला, तीसुद्धा कार्डं ज्या क्रमानं आली त्या क्रमानं.

नाव वाचून आकडा आपल्या जागी नेऊन बसवायचा, असा एक भाग मला लिहायचा होता. लिहिलाही. तीनदा पुण्याला पाठवला, तिन्ही वेळा आपटला. तेवढ्यात बाहेरून तपासणी समिती येणार असं कळलं आणि साहेबांना — म्हणजे आमच्या संचालकांना — प्रोग्रामचं माहितीपुस्तक लगेच हवं झालं. मी ते लिहून काढलं. टाइपरायटरवर स्टेन्सिल कापल्या, सायक्लोस्टाइल केलं, सात प्रती टॅगनं बांधल्या. आणि अकराव्या पानावर लिहिलं : 'कार्डे कोणत्याही क्रमाने लावली तरी चालतात. प्रोग्राम नावावरून ओळखतो.'

ते खोटं होतं. लिहितानाच मला माहीत होतं. महिनाभरात खरं करून टाकू, असं मी मनाशी म्हटलं. मग समितीतल्या एका गृहस्थांनी नेमकं तेच वाक्य मोठ्यानं वाचलं, मान डोलावली आणि साहेबांनी माझ्याकडं कौतुकानं बघितलं. एकदा शाबासकी पदरात पडल्यावर त्याच कामाला परत कोण हात लावतं? लावणारे असतीलही. मी लावला नाही.

आणि बिघडत तरी काय होतं? विभागात जे कार्डं लावायचे त्या सगळ्यांना मीच शिकवलेलं. आरंभ, चढ, टिकाव, घसर — आरतीसारखं पाठ. पुस्तक कोणी उघडायचंच नाही.

उघडणारा एकच माणूस निघाला. यशवंत कांबळे. मूळचे नेसरीचे, शेतकीचे पदवीधर, आमच्याकडं हंगामी संशोधन सहायक. घर बौद्ध. वडील गवंडीकाम करायचे आणि घरात शिकून नोकरीला लागलेले हे पहिलेच. दोन वर्षं हंगामी काढली होती आणि त्या वर्षी कायम होणार, असं तोंडी ठरलंही होतं. मी इथं त्यांना अहो-जाहो करतेय. तेव्हा करत नव्हते. त्यांच्याच वयाच्या, त्याच जागेवरच्या दुसऱ्या दोघांना करत होते. हेही याच ओघात सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल.

कोडोलीच्या काही शेतकऱ्यांकडं आमचा एक नवा वाण लावलेला होता. कांबळे दर आठवड्याला तिथं जाऊन रसाची गोडी मोजायचे. एका हंगामाचे आकडे जमल्यावर त्यांनी पहिल्यांदाच स्वतः कार्डं पंच केली. त्या दिवसांत मी रजेवर होते, म्हणून त्यांनी पुस्तक वाचलं. अथपासून इतिपर्यंत वाचलं. कार्डं लावली ती आरंभ, टिकाव, चढ, घसर अशी.

मशीननं काम चोख केलं. दोन अंदाज उलटसुलट पडले होते, तरी जास्त फेऱ्या मारून प्रोग्राम बरोबर ठिकाणी पोचला. एवढा तो चांगला होता — आणि तिथंच घात झाला. तो आपटला असता तर कोणालातरी कळलं असतं. खरं उत्तर होतं : साखर चढायला नऊ आठवडे, टिकणार चार. कागदावर छापून आलं : टिकाव नऊ, चढ चार. दोन्ही आठवडेच, त्यामुळं दिसायला काहीच वावगं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, स्वतः मोजणाऱ्या माणसाला शंका आली नाही? आली. कांबळे कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले होते.

"बाई, चढ चारच आठवडं? शिवारात तसं वाटंना झालतं मला."

मी मान वर न करता म्हटलं, "शिवारात वाटतं त्यापेक्षा मशीन बरं मोजतं, कांबळे."

ते बरं म्हणून गेले. संस्थेचं पत्र कोडोलीला गेलं — हा वाण चार आठवड्यांत भरतो, पुढच्या हंगामात तोड लवकर घ्यायला हरकत नाही. लोकांनी पत्राबरहुकूम तोड घेतली. ऊस कच्चा होता. कोडोलीकडचा ऊस बराचसा गुऱ्हाळावर जायचा, आणि कच्च्या उसाचा गूळ धरत नाही. एक दिवस तिथले एक पाटील थेट साहेबांच्या खोलीत शिरले, मागं आणखी चौघं. पाटलांनी कागदाची पुडी टेबलावर उलगडली. आत मऊ, ओघळणारा काळपट गोळा.

"पावणं, ह्यो गूळ हाय का काकवी, तुमीच सांगा! वरीसभर राबलाव आमी. कुणी लिवलंय ते पत्र? समोर आणा की त्येला!"

पत्रावर सही साहेबांची होती. पण काम कोणाचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबांनी पाटलांना चहा पाजला आणि चौकशी करतो म्हणून सांगितलं.

मी त्याच दुपारी कांबळेंचा कार्डांचा गठ्ठा काढला. दुसरं कार्ड टिकावाचं. मला कळायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

साहेबांची खोली वीस पावलांवर होती. उठायचं, जायचं, सांगायचं — पुस्तकातलं वाक्य खोटं आहे, मुलानं पुस्तकाप्रमाणं केलं, चूक माझी. काय झालं असतं? माझी नोकरी गेली नसती. बोलणी बसली असती, बढती वर्षभर लांबली असती. एवढंच ना? एवढंच. एवढ्यासाठी मी काय केलं, ते आता लिहिते. — आधी एक घोट पाणी प्यायले. चालू.

तो शनिवारच होता. अर्ध्या दिवसानं ऑफिस रिकामं झालं. कांबळे पाटलांबरोबर कोडोलीला गेलेले, लोकांची समजूत काढायला — तेही त्यांच्याच गळ्यात. मी नवी स्टेन्सिल कापली. अकरावं पान जसंच्या तसं, फक्त त्या दोन वाक्यांच्या जागी एक : 'कार्डे याच क्रमाने लावावीत, क्रम बदलल्यास उत्तर चुकेल.' सात प्रती छापल्या. कपाटातल्या सहा पुस्तकांचे टॅग सोडून जुनी पानं काढली, नवी घातली. सातवं पुस्तक कांबळेंच्या खणात होतं. खणाला कुलूप नव्हतं. त्यांच्या त्या पानावर माझ्या वाक्याखाली पेन्सिलीची रेघ होती — पट्टी लावून, सरळ ओढलेली. ती बघूनसुद्धा माझा हात थांबला नाही. जुनी पानं पर्समधून घरी आणली आणि रविवारी सकाळी आंघोळीच्या बंबात घातली. नवऱ्यानं विचारलं, एवढा कसला जाळ? म्हटलं, रद्दी.

हे घाबरून केलं असं मला म्हणता येणार नाही. घाबरलेल्या माणसाचे हात कापतात. माझी अक्षरं टाइपरायटरवर एकही चुकली नाहीत.

मंगळवारी साहेबांच्या खोलीत चौकशी झाली. साहेब, प्रशासन अधिकारी, मी आणि समोर कांबळे. त्यांना बसायला सांगितलं नाही. क्रम का बदलला, असं विचारल्यावर ते शांतपणे म्हणाले, "कोडोलीत गेलं की समदी पयल्यांदा तेच इचारत्यात साहेब, ऊस किती दिस दम धरंल? म्हणून टिकाव वर घेतला. कसंबी लावलं तरी चालतंय म्हणून अकराव्या पानावर लिवलंय की. मी वाचूनच केलंय."

साहेबांनी त्यांच्याच खणातलं पुस्तक त्यांच्यापुढं सरकवलं. त्यांनी अकरावं पान काढलं. वाचलं. परत वाचलं. पान उलटून मागं बघितलं, दहावं बघितलं, बारावं बघितलं, बोटानं कागद चाचपला. मग माझ्याकडं बघितलं. रागानं नाही — अजून त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. मी काहीतरी सांगेन, या भरवशानं बघितलं.

"बाई, असं काही लिहिलं होतं का कधी तुम्ही?" साहेबांनी विचारलं.

मी म्हटलं, "नाही."

"माझी पेन्सिलीची खूण हुती तितं," कांबळे म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता.

"खूण पण उडून गेली म्हणायची!" प्रशासन अधिकारी म्हणाले आणि हसले. साहेब हसले. मीही हसले.

ते हसू माझ्या कानातून अजून गेलेलं नाही. पान बदललं ते कोणी नसताना बदललं. हसले ते माणसासमोर, त्याच्या तोंडावर.

कांबळे बाहेर गेल्यावर साहेब म्हणाले, "ह्यांना डोक्याचं काम दिलं की असंच व्हायचं." ह्यांना म्हणजे कोणाला, ते उघड होतं. कोणी काही बोललं नाही. मीही नाही. आणि आता जे लिहिते ते मला सगळ्यात जड जातंय : त्या खोलीत माझ्या एका शब्दावर विश्वास बसेल, हे मला आधीच माहीत होतं. का बसेल, हेही माहीत होतं. दुसऱ्या दोन सहायकांपैकी कोणी समोर असता, तर त्यांनी सातही पुस्तकं मागवली असती, कागद उजेडात धरून बघितला असता. कांबळेंसाठी कोणी एवढे कष्ट घेणार नाही, हे हिशेबात धरूनच मी शनिवारी स्टेन्सिल कापली. मी घरात शिवाशिव पाळत नव्हते, त्यामुळं स्वतःला मोठी सुधारक समजायचे. पण त्या दिवशी जे साहेबांच्या डोक्यात होतं त्याचाच मी उपयोग करून घेतला.

महिनाअखेर त्यांना नेमणुकीची पुढची ऑर्डर मिळाली नाही. जाताना ते विभागात सगळ्यांचा निरोप घेऊन गेले. माझा हात नमस्काराला उठला, तेव्हा ते खाली बघत होते.

नाव ओळखायचा तो भाग मी पुढच्या दोन महिन्यांत लिहिला. जीव लावून लिहिला आणि पहिल्याच फेरीत चालला. मग पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढली आणि ते वाक्य जसंच्या तसं परत घातलं. आता ते खरं होतं! मला बढती मिळाली. कार्यक्रमांत मी त्यावर भाषणं दिली — आकड्याला नाव दिलंत तर ते शेवटपर्यंत त्याच्याबरोबर राहिलं पाहिजे, वगैरे. लोक लिहून घ्यायचे.

सात-आठ वर्षांनी नेसरीच्या बाजूला एका हायस्कुलात विज्ञान प्रदर्शन होतं. मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. दारात स्वागताला विज्ञानाचे शिक्षक उभे — कांबळे. केस पांढरे व्हायला लागलेले. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर बोलतील. मनातून मला तसं हवंही होतं का? असेल, नसेल. ते म्हणाले, "या बाई. लई दिसांनी." मुलांना माझी ओळख करून दिली — प्रोग्राम लिहितात, फार मोठ्या आहेत. खोटं एक अक्षर बोलले नाहीत आणि खरंही बोलले नाहीत.

परत निघाले, तेव्हा ते एस.टी.च्या थांब्यापर्यंत पोचवायला आले. गाडी यायला वेळ होता. रस्त्याकडं बघत म्हणाले, "मला त्याच दिशी सांजच्याला कळलंतं, बाई. नव्या पानाचा कागद पांढराफेक हुता. बाकीची पिवळी पडलीती."

मी पर्स या हातातून त्या हातात घेतली.

"कुणाला सांगितलं न्हाय. सांगून कोण इस्वास ठेवणार हुतं? घरात बी म्हटलं, चूक माझीच झाली, नीट बघितलं न्हाय. आमचा बा मला काय बोलला न्हाय. पर गावात कुणी इचारलं, तर सांगायचा — पोरगं हुशार हाय, जरा आळशी हाय." त्यांनी गाडी दिसते का बघितलं. "त्यो गेला औंदा. त्येला तसंच वाटत गेला."

गाडी आली. मी "येते हं" म्हटलं आणि चढले. खिडकीजवळची जागा मिळाली होती, तरी मी पलीकडं बघत बसले. क्षमा मागितली नाही. तेव्हा मागता आली असती, तेव्हा तिला काही किंमत असती. त्यानंतर दिवसामागून दिवस गेले. मी निवृत्त झाले, सत्कार झाला, नारळ-शाल घेतली.

आता मात्र ठरलंय. या कागदांच्या तीन प्रती करणार आहे. एक संस्थेला रजिस्टरनं जाईल, सोबत पत्र : कांबळे यांच्या सेवापुस्तकात 'कामात हलगर्जीपणा' असा शेरा आहे, तो चुकीचा आहे, हा माझा जबाब त्याला जोडून ठेवावा. ते काय करतील, ठाऊक नाही. नाही केलं तर परत लिहीन, परत परत लिहीन. दुसरी प्रत नेसरीला, त्यांच्या पत्त्यावर. सोबत चिठ्ठी नाही, कारण मला त्यांच्याकडून काही नको आहे. उत्तर आलं नाही तरी ते योग्यच. तिसरी ही, तुमच्यापुढं. मुली वाचतील, त्यांना काय वाटायचं ते वाटू दे.

साहेबांचा स्वभाव, माझं तरुण वय, त्या काळची रीत — यातलं काहीही मला मध्ये आणायचं नाही. वीस पावलं होती आणि मी चालले नाही. सांगायचं ते एवढंच आहे, ते मी त्या मंगळवारी उभं राहून बोलायला हवं होतं. ते इथं लिहिते आणि खाली माझं पूर्ण नाव घालते.

यशवंत कांबळे यांनी पुस्तकात लिहिलं होतं तसंच केलं. पुस्तक खोटं होतं, ते मी लिहिलं होतं, आणि त्यांच्या खणातलं पान मी बदललं.

— शालिनी दत्तात्रय सरनाईक